कागद मागायचा नसतो

४ डिसेंबर. भुरभुर बर्फ.

मासिकाचा मजकूर आज हातावेगळा केला. कंपनी कायद्यातल्या ताज्या दुरुस्तीवर टिप्पणी करायची होती, पण पहिला परिच्छेद परसातल्या पर्सिमनच्या झाडावर गेला. उघड्या फांदीवर एकच केशरी फळ पाखरांसाठी ठेवलेलं, वर बर्फाची टोपी. ते पाहून सहावीतले मास्तर आठवले. शेगडी विझली की ते आम्हाला कविता म्हणायला लावत, म्हणजे ऊब येते म्हणून.

फुसाएनं वाचलं आणि म्हणाली, "झाड छान आहे. कायदा कुठल्या फांदीवर बसलाय?" पन्नास वर्षांच्या संसारात हिनं माझ्या लिखाणाचं सरळ कौतुक एकदाही केलेलं नाही.

अकरा वर्षं हे पान चालू आहे. वाचक म्हणजे आमच्यासारखे निवृत्त अधिकारी, थोडे वकील, कारखानदार संघाची मंडळी. कागेयामा मंत्रालयात माझ्या हाताखाली होता, आता मासिकाचा अध्यक्ष आहे. तो म्हणतो, इगाराशी-सानचं पान म्हणजे जेवणानंतरचा चहा. मी ते कौतुकच समजतो.

संध्याकाळी टबमध्ये बसून शाळेतल्या कविता म्हटल्या. हल्ली फुसाए न्हाणीच्या दाराबाहेर स्टूल टाकून कपड्यांच्या घड्या घालत बसते. म्हातारपणी का होईना, तिला कवितेची गोडी लागली. एक कडवं आठवेना म्हणून गप्प राहिलो, तर लगेच बाहेरून आवाज आला, "पुढे म्हणा."

९ डिसेंबर. उघडीप. रस्ते निसरडे.

आज होन्मा कियोए नावाच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, आखूड केस, नखांत धातू घासायच्या पॉलिशची काळी रेघ. आमच्या त्सुबामे गावात अर्ध्या लोकांच्या नखांत ती असते. चमच्यांच्या कारखान्यात वीस वर्षं काढून आता त्यांनी स्वतःची शेड टाकली आहे. त्या आणि दोन कामकरी बायका.

त्यांनी रुमालातून एक वस्तू काढून माझ्या टेबलावर ठेवली. टबाच्या भोकाला बसवायचं पोलादी बूच, आणि काठाला चिकटवायचा विजेवरचा एक छोटा डोळा. माणसाचं डोकं पाण्याखाली गेलं की दहा आकडे मोजून होईतो बूच आपोआप उघडतं, पाणी उतरतं, आणि स्वयंपाकघरात घंटा वाजते. गार खोलीतून एकदम कढत पाण्यात उतरलं की म्हाताऱ्या माणसाला भोवळ येते. हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. आमच्याच गल्लीत तीन हिवाळ्यांत दोघे गेले.

विकण्याआधी नियम विचारावेत म्हणून बाई शहरातल्या कार्यालयात गेल्या. (कार्यालयाचं नाव मी इथेही लिहीत नाही. जुनी सवय.) न्हाणीच्या सामानाच्या खिडकीवर म्हणाले, यात वीज आहे, आमचं नाही. विजेच्या खिडकीवर म्हणाले, यात जिवाचा प्रश्न आहे, वैद्यकीयला विचारा. वैद्यकीयनं सांगितलं, हे तर बूच आहे. चौथ्या ठिकाणी मात्र आतल्या खोलीत बसवून चहा दिला. तोगाशी नावाचा तरुण अधिकारी फार नम्रपणे बोलला. त्याचं वाक्य बाईंना तोंडपाठ आहे: "योग्य चौकट ठरेपर्यंत आपण स्वतःहून जरा सबुरीनं घेतलंत, तर आम्हाला फार बरं वाटेल."

काय घडीव वाक्य! ऐकताना माझ्या अंगावर शहारा आला. कितीतरी वर्षांनी जुन्या शाळेची घंटा ऐकावी तसा.

बाई थांबल्या. त्याला सोळा महिने झाले. शिवाय तोगाशीनं सुचवलं म्हणून आपल्या शिक्क्यानिशी एक पत्रही लिहून दिलं, की आम्ही आपखुशीनं विक्री स्थगित करत आहोत. वर आभार मानायला बांबूच्या पानात गुंडाळलेले लाडू घेऊन गेल्या. आता जागेचा करार संपतोय, मार्चअखेर शेड रिकामी करायची आहे, आणि दुसरी जागा देणारा विचारतो, तुम्ही विकता काय? वसंतापर्यंत बूच बाजारात आलं नाही तर कामकरी बायका जातील, साचे भंगारात जातील, आणि बूच बाईंच्या रुमालातच राहील.

"त्यांनी जे सांगितलं ते मी लेखी मागितलं तर?" त्यांनी विचारलं.

मला हसू आलं. तसा हक्क कायद्यात आहे. तोंडी सूचना मिळाली तर ती कागदावर मागता येते आणि कार्यालयाला ती द्यावी लागते. त्या कलमाचा मसुदा झाला तेव्हा मी त्याच मजल्यावर होतो. पण चहाला बोलावलेल्या घरी कुणी पावती मागतं का? "होन्मा-सान," मी म्हणालो, "कागद मागायचा नसतो."

त्यांनी बूच पुन्हा रुमालात बांधलं. इतकं हळू, जसं काही ते झोपलेलं होतं.

१० डिसेंबर. बर्फ.

रात्री जुने दिवस आठवले. आमचे वरिष्ठ म्हणायचे, कागद जखम करतो, शब्द करत नाही. आपण लिहायचं नाही, त्यांना लिहायला लावायचं. मला ते फार काव्यमय वाटायचं. एकदा आमच्याच भागातला एक कारागीर तोक्योला आला होता. मनगटावर भाजल्याचा डाग. टबात पाणी नसेल तर खालचा बर्नर आपोआप विझवणारी खिट्टी त्यानं केली होती. मी स्वतः त्याला चहा ओतला. तीन वाक्यं बोललो. तो कमरेत वाकून आभार मानून गेला. हुकूम नाही, भांडण नाही, कोर्ट नाही. असं तलम काम आता कुणाला जमतं?

नाव काही केल्या आठवत नाही.

१७ डिसेंबर. दिवसभर राखाडी आभाळ.

होन्माबाईंच्या शेडवर गेलो. या बुचावर एखादी हलकीफुलकी टिप्पणी लिहावी असं मनात होतं: "डबा नसलेली वस्तू". जी कुठल्याच खात्याच्या डब्यात बसत नाही तिचं सरकारनं काय करावं? शीर्षक तयार होतं, झाडही ठरलं होतं.

आत पॉलिशची चाकं फिरत होती. कामकरी बायकांपैकी मोठी मला पाहून म्हणाली, "हेच का ते कायदेवाले? टबात बसवून बघू या का?" कियोएबाईंनी तिला दटावलं, पण हसू दाबत. मला पाण्याचा टब दाखवला, त्यात कलिंगडाएवढं लाकडी डोकं बुडवलं. दहा आकडे. बूच उसळलं, पाणी घुसळत उतरलं, घंटा झाली. मी लहान मुलासारखं पुन्हा करायला लावलं.

मग भिंतीकडे लक्ष गेलं. चौकटीत एक जुना आराखडा, निळ्या कागदावर. बर्नर, खिट्टी, वर रिकामा टब.

"हे कुणाचं?"

"बाबांचं. मी अकरा वर्षांची होते तेव्हा ते तोक्योला घेऊन गेले होते." बाई चाक बंद करून हात पुसत होत्या. "फार खूश होऊन परत आले. साहेबानं स्वतः चहा ओतला, हे घरी चार वेळा सांगितलं. आईनं त्या दिवशी सणासुदीचा लाल भात केला."

मी म्हणालो, मग?

"मग वाट पाहिली. तीन वर्षं. साहेब एवढे चांगले, ते विसरणार नाहीत, म्हणायचे. नंतर सुपरमार्केटच्या गाडीतळावर गाड्यांना वाट दाखवत लाल काठी हलवायला लागले."

साहेबाचं नाव सांगितलं होतं का, हे मी का विचारलं मला माहीत नाही. उत्तर माझ्या आधीच त्या शेडमध्ये उभं होतं.

"इगाराशी," त्या म्हणाल्या. "आपल्याच गावाकडचा माणूस म्हणून बाबांना जास्तच आनंद."

"मग तुम्ही माझ्याकडे का आलात?"

"कुलूप कुणी बनवलं ते ठाऊक असताना किल्लीसाठी दारोदार कशाला फिरू?"

रागानं नाही म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ डिसेंबर.

काही लिहवत नाही. त्याचं नाव होन्मा होतं.

२१ डिसेंबर. रात्रभर बर्फ, सकाळी गुडघाभर.

समोरच्या रिकाम्या घराचं छप्पर पहाटे बसलं. आवाज फक्त मोडतानाचा आला. त्याआधी तीन दिवस त्यावर बर्फ पडत होतं, पण कुणाच्या कानावर काही आलं नाही. फावडं घेऊन दाराशी उभा होतो आणि ओळी सुचल्या. किती वर्षांनी माझ्या स्वतःच्या.

पडताना बर्फ
आवाज करत नाही.
मोडलं छप्पर.

त्या मास्तरांच्या वहीत याला शाबासकीचं लाल पेन्सिलीचं एक वर्तुळ मिळालं असतं. कदाचित दोन.

दुपारी बसलो आणि एका बैठकीत टिप्पणी लिहिली. वर या तीन ओळी, खाली दहा पानं. मुद्दा साधा आहे. नवीन वस्तू आली की सरकारनं ती थांबवू नये, असं मी म्हणत नाही. जिवाशी खेळ असेल तर जरूर थांबवावी, तो सरकारचा अधिकार आहे आणि मी आयुष्यभर त्याचं मीठ खाल्लं आहे. पण अधिकार वापरायचा तर हुकूम काढावा. हुकमावर कारण लिहावं, तारीख घालावी, शिक्का मारावा. म्हणजे समोरच्याला तो मान्य करता येतो, किंवा त्याच्याविरुद्ध दाद मागता येते. चहाविरुद्ध दाद कुठे मागायची? आणि ज्याच्याकडून आपण "आपखुशीनं" लिहून घेतो, त्याच्या हातानं त्याचंच दार बंद करून किल्ली त्याच्याच खिशात ठेवतो. मला सरकार नको असं नाही. मला शिक्क्यासकट सरकार हवं आहे.

शेवटी होन्मा नावाच्या कारागिराची हकिकत लिहिली आणि चहा कुणी ओतला तेही लिहिलं.

फुसाएनं शेवटपर्यंत वाचलं. "यात झाड नाही," ती म्हणाली.

"नाही."

"बरं झालं." आणि ती उठून बटाटे सोलायला गेली. बराच वेळ एकच बटाटा सोलत होती.

६ जानेवारी. थंडी, स्वच्छ ऊन.

कागेयामा नववर्षाच्या भेटीला आला. उत्तम मिठाईचा डबा, उत्तम कोट. फुसाएनं कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या मेजाच्या, उबेत बसवलं, मुळ्याचं लोणचं आणलं. तासभर तो प्रकृती, नातवंडं, तलावावर आलेले हंस यांवर बोलला. माझा लेख त्याच्या बॅगेत होता हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मग म्हणाला, लेख अप्रतिम आहे, पण आताच्या वातावरणात गैरसमज होतील. "एकदोन अंक जरा सबुरीनं घेतलंत, तर सगळ्यांना बरं वाटेल."

हे वाक्य त्याला मीच शिकवलं होतं. हात मांडीवर कसे ठेवायचे, "सगळ्यांना" म्हणताना नजर कुठे ठेवायची, सगळं माझंच.

"हे तू मला लिहून देशील का?"

तो हसला, आणि थांबला. मग कागेयामा पहिल्यांदाच खरं बोलला, आणि मला कबूल केलं पाहिजे की त्यात दम होता. म्हणाला, लेखी हुकूम सुरू झाले की प्रत्येक हुकमामागे कोर्ट. मोठ्या कंपन्या वकिलांची फौज उभी करतील. दोन बायकांच्या शेडवाली काय उभी करेल? "तुमच्या चहानं लहान माणसाला वाचवलंय, इगाराशी-सान. भांडणापासून वाचवलंय. तुम्ही स्वतःच्या आयुष्यावर कशाला काट मारता?"

पटकन उत्तर सुचणारा मी कधीच नव्हतो, म्हणून तर अधिकारी झालो. लोणच्याची बशी त्याच्यापुढे सरकवली, मग म्हणालो, "हुकूम मिळाला असता तर होन्माला कुणाशी भांडायचं ते कळलं असतं. हरला असता कदाचित. पण तो तीन वर्षं कुणावर रागावूसुद्धा शकला नाही, कागेयामा. आम्ही त्याचा रागही काढून घेतला. मी लेख मागे घेणार नाही. स्वल्पविरामसुद्धा नाही."

त्यानं कोट घालायला फार वेळ लावला. दाराशी फुसाएनं मिठाईचा डबा परत त्याच्या हातात दिला. "यांना गोड वर्ज्य आहे," म्हणाली. मला असं काही वर्ज्य नाही. बहुधा नातवंडांसाठी दिला असेल.

१६ जानेवारी. ढगाळ.

अंक आला. माझ्या पानावर हंसाचा फोटो आहे. खाली ओळ: "हिवाळी पाहुणा". मी पाहिलेला सर्वांत मख्ख हंस.

लेख मिळाला नाही, मिळाला पण उशिरा, जागा नव्हती: एवढंही कुणी कळवलेलं नाही. अर्थातच. लिहून कोण देणार?

१७ जानेवारी. बर्फ.

फुसाएला युक्ती सुचली. सभासदांची यादी माझ्याकडे नाही, पण नववर्षाची शुभेच्छापत्रं आहेत. अकरा वर्षांची, वर्षावार रबर लावून. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा पत्ता. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या यंत्रावर लेखाच्या प्रती काढल्या. दुकानातली मुलगी म्हणाली, "आजोबा, कागद संपला, तिसऱ्यांदा." होन्माबाई आणि ती खट्याळ मोठी कामकरीण घड्या घालायला आल्या. दोनशे अकरा पाकिटं. मी पत्ते लिहिले, ब्रशनं. अशा कामाला बॉलपेन चालत नाही. मोठी कामकरीण (ती मला सेन्सेइ, म्हणजे गुरुजी म्हणते) म्हणाली, "सेन्सेइ, या वेगानं वसंत येऊन जाईल." शेवटची दीडशे त्यांनीच बॉलपेननं लिहिली.

काम चालू असताना स्वयंपाकघरात फुसाए होन्माबाईंना हळू आवाजात काहीतरी सांगत होती. मला तुटक ऐकू आलं: "...कविता थांबली की माझा जीव थांबतो." एवढं काव्यात्म बोलणं तिच्या तोंडून! मी पुढे काही विचारलं नाही. अशा गोष्टी नाजूक असतात.

परत जाताना होन्माबाई हत्यारांची पेटी काढून आमच्या न्हाणीत शिरल्या. अर्ध्या तासानं घंटा वाजवून पाहिली. मी म्हटलं, विक्री तर स्थगित आहे ना? "ही विक्री कुठे आहे?" फुसाए म्हणाली. "ही भेट आहे. गप्प बसा."

३ फेब्रुवारी. वारा.

उत्तरं सात आली. तिघांनी हवामानाबद्दल लिहिलं. एकानं माझ्या प्रकृतीबद्दल फार काळजी व्यक्त केली, विशेषतः डोक्याच्या. एक वकील म्हणतो, मुद्दा बरोबर पण दहा पानांचा नव्हे. एकानं पाकीट न उघडता परत पाठवलं, त्यावर नीट, सुंदर अक्षरात "परत".

सातवं सेन्दाईहून, माझ्या बरोबरीच्या एका माणसाचं. एकच ओळ: "माझे असे सातजण आहेत. नावं आठवतात."

होन्माबाईंना फोन करून सांगितलं की मी चुकीचं बोललो होतो. कागद मागायला जाऊ. सोबत येतो.

१३ फेब्रुवारी. सकाळी बर्फ, दुपारी काहीच नाही.

गाडीनं शहरात गेलो. बाईंनी काळा सूट घातला होता, तो त्यांच्या वडिलांच्या अंत्यविधीनंतर आजच बाहेर निघाला, असं म्हणाल्या. मी शाळेच्या परीक्षेसारखं ते कलम मनात घोकत होतो. एकोणऐंशीव्या वर्षी.

नंबरचा चिटोरा घेतला, बाकावर बसलो. तोगाशी स्वतः बाहेर आला. तिशीचा, बारीक, चष्मा पुसत बोलणारा. आतल्या खोलीत चहा घेऊ या म्हणाला.

"चहा नको," बाई म्हणाल्या. "इथे खिडकीवरच बरं आहे."

माझ्यामागचे दोघेतिघे पेपर खाली करून बघू लागले.

बाईंनी विनंती वाचून दाखवली: अमुक तारखेला दिलेली सूचना, तिचा हेतू, ती देणारा जबाबदार अधिकारी, हे कायद्याप्रमाणे कागदावर मिळावं. तोगाशी "पाहतो" म्हणून आत गेला. बावीस मिनिटं. आला तेव्हा त्याच्या हातात एकच पान होतं.

"आम्ही नोंदी तपासल्या. आपल्याला कुठलीही सूचना दिल्याची नोंद नाही. हे एवढंच आहे." आणि त्यानं दोन्ही हातांनी ते पान बाईंसमोर ठेवलं. त्यांचंच पत्र. त्यांचाच लाल शिक्का. "आपण आपखुशीनं थांबलात, असं यात आहे."

मी वाचलं. "अनुकूल समय येईपर्यंत, विवेकपूर्वक, आपखुशीनं." हे शब्द मी जुळवले होते, चाळीस वर्षांपूर्वी, तोक्योच्या एका कचेरीत, कानाला गोड लागतात म्हणून. तो नमुना अजून चालू आहे. एक अक्षर बदललेलं नाही. माझं आयुष्यातलं सर्वांत जास्त छापलं गेलेलं लिखाण बहुधा हेच.

मला वाटलं, संपलं. बाईंकडे पाहवेना.

बाईंनी मात्र पर्समधून दुसरं पाकीट काढलं. हे मला सांगितलं नव्हतं. "म्हणजे तुम्ही मला काहीच सांगितलं नव्हतं."

"नोंद नाही."

"मी स्वतःहून थांबले."

"असं पत्रात आहे."

"तर मग सोमवारपासून मी स्वतःहून सुरू करते. हे त्याचं पत्र."

तोगाशीनं पाकीट पाहिलं आणि टेबलावरून दोन बोटांनी परत सरकवलं. हे स्वीकारता येणार नाही, म्हणाला. आणलंच नव्हतं असं आपण धरू या. ही रीतही मला माहीत आहे. न स्वीकारलेला कागद अस्तित्वात नसतो, असं आम्ही धरत असू. बाईंनी पाकीट पुढे सरकवलं. त्यानं मागे. त्यांनी पुढे. कुणी आवाज चढवला नाही. मागचा एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "हा पत्त्यांचा कुठला डाव?"

तेव्हा मी उठलो. माझा आवाज मला अनोळखी वाटला. पूर्वी तो एवढा मोठा कधी लागलाच नव्हता. म्हणालो, "तोगाशी-सान, मी इगाराशी. या पत्राचा नमुना माझा आहे, तेव्हा मला बोलायचा अधिकार आहे. कागद कार्यालयात पोचला की पोचला. तुम्ही स्वीकारा, न स्वीकारा, कायद्यात तसा फरक नाही. बूच धोक्याचं वाटत असेल तर हुकूम काढा. कारण लिहा. आम्ही वाचू, पटलं तर पाळू, नाही पटलं तर लढू. पण ही बाई आता तुमच्या सौजन्यासाठी थांबणार नाही. तिच्या घरातल्या दोन पिढ्या थांबून झाल्या."

आत कुणाचा तरी फोन वाजत होता, तो कुणी उचलेना.

तोगाशीनं चष्मा पुसला. पाकीट उघडलं. पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं, मग पुन्हा. मग अगदी हळू म्हणाला, "यावर तारीख घातलेली नाही."

आणि पेन पुढे केलं.

बाईंनी तारीख घातली. त्यानं ते पान दुसऱ्या कागदांच्या ट्रेमध्ये ठेवलं, पुढचा नंबर पुकारला. सवय बिचाऱ्याची. बिनतारखेचा कागद समोर आला की अधिकाऱ्याचा हात आपसूक पेनाकडे जातो, माझाही जायचा. नाहीतर आमची फजिती होती.

बाहेर येऊन दोघांनी स्टेशनवर उभ्याउभ्या गरम नूडल्स खाल्ल्या. बाईंनी इतक्या घाईनं खाल्लं की अर्धं सूप त्या काळ्या सुटावर गेलं.

२४ फेब्रुवारी. वितळतंय.

विक्री सुरू. डोंगराकडच्या एका खेड्यातल्या ज्येष्ठ मंडळानं चाळीस बुचं मागवली. तिथल्या दोघांना माझ्याकडून पाकीट गेलं होतं म्हणे, म्हणजे हवामानवाल्यांपैकीच कुणीतरी. चमच्यांच्या जुन्या कारखान्याचा एक कोपरा बाईंना शेड म्हणून मिळाला. मासिकातलं माझं पान आता कागेयामा लिहितो. हंसच बरा होता.

निवृत्तांच्या वसंत मेळाव्याचं बोलावणं या वर्षी आलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. फुसाए म्हणाली, "तिथला मासा नेहमी शिळा असायचा." ते खरं आहे.

९ मार्च. चिखल.

एक बूच विनाकारण उघडलं. खेड्यातल्या नव्वदीच्या ओत्सुकाबाई केस धुवायला पुढे वाकल्या, डोळ्याला वाटलं बुडाल्या. पाणी गेलं, बाई रिकाम्या टबात कुडकुडत बसल्या, घंटा ऐकून सून आली तेव्हा तिला दिलेल्या शिव्या पार रस्त्यापर्यंत ऐकू आल्या. धडधाकट आहेत.

मला वाटलं, हे गुपचूप दुरुस्त करावं. मी तसं म्हणालोही. होन्माबाईंनी हातातलं बूच खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "सेन्सेइ, ते लपवलं तर आपण त्यांना कागद कुठल्या तोंडानं मागायचा?" रात्री उशिरापर्यंत मला शरमेनं झोप लागली नाही.

त्यांनी सगळी बुचं तपासली, डोळ्याची जागा चार बोटं वर केली, आणि काय घडलं, का घडलं, काय बदललं ते दोन पानांत लिहून कार्यालयाला रजिस्टर पोस्टानं पाठवलं. तारीख आधी घातली.

१६ मार्च. ऊन. गटारांतून पाण्याचा आवाज.

आज मी शेडवर असताना फोन आला. कार्यालयातून, तोगाशी नव्हे, त्याच्या वरचा कुणी. बाईंनी फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. कामकरी बायकांनी चाकं बंद केली.

तो गृहस्थ अतिशय गोड बोलला. आपलं पत्र मिळालं, प्रामाणिकपणाबद्दल आदर वाटतो. या संदर्भात काही गोष्टी मोकळेपणानं बोलता आल्या तर बरं होईल. विशेष काही नाही. पुढच्या आठवड्यात सवडीनं चहाला आलात तर.

वरच्या साहेबाच्या अशा बोलावण्याला कुणी नाही म्हटलेलं मी हयातीत ऐकलेलं नाही. होन्मानंही नाही. मीसुद्धा नाही.

कियोएबाई पॉलिशचा हात फडक्याला पुसत खाली वाकल्या.

"धन्यवाद," त्या म्हणाल्या. "काय असेल ते पत्रानं कळवा."

मग तो म्हणाला, "पत्रानं?"

"हो. पत्ता तुमच्याकडे आहे."

आणि त्यांनी फोन ठेवला. मोठ्या कामकरणीनं चाक सुरू केलं.

२ एप्रिल. ऊन.

पोस्टमन रोज येतो. आज होन्माबाईंना तीन पाकिटं आली: दोन मागण्या, आणि ओत्सुकाबाईंचं कार्ड, की आता केस धुताना बूच गप्प राहतं. कार्यालयाचं पत्र आलं तर मी शब्दन्‌शब्द वाचीन, आणि योग्य असेल तर बाईंना पाळायला सांगीन, हे इथे लिहून ठेवतो. अजून आलेलं नाही. एकोणसाठ बुचं बसली.